वयाचा रकाना

डॉक्टर आष्टनकरांनी मोबाइल माझ्याकडे वळवला.
काचेवर बारीक रेघा, एकेका देशाची एकेक:
इटली, जपान, पेरू.
तळाशी वय, उभ्या बाजूला मरण.
विशीत सगळ्या जमिनीला चिकटून पडलेल्या,
आणि साठीपुढे अशा उठलेल्या
जसा पऱ्हाटीच्या ढिगातून धूर,
आधी सरपटत, मग एकदम वर.
"गरीब देशांची रेघ जरा आधीच उठते," ते म्हणाले,
"का, ते बघायला पाहिजे."
मग डबा खायला गेले.

मी बघत बसलो.
दारव्ह्याच्या अलीकडचं आमचं आरोग्य केंद्र,
खिडकीबाहेर शकुंतला गाडीचे रूळ, गवतात बुडालेले.
पुढ्यात रजिस्टर. नाव, गाव, लिंग, वय.

वय म्हणजे काय, ते मला विचारा.
अर्ध्या गावाचा जन्म एक जुलैचा.
शाळेत नाव घालताना वाघाडे गुरुजी
पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहायचे.
लागला, तर सहा पूर्ण.
त्या कानापासून पुढची सगळी सरकारी आयुष्यं मोजली गेली.
इटलीत असं कान धरून मोजत नसतील.

या नोकरीआधी मी सेतू केंद्रात बसायचो.
कवडू ताजने आला, श्रावणबाळचा फॉर्म घेऊन.
"साठ हायेत, पासष्ट पायजेत म्हंते."
दात मोजले असते तर सत्तर भरला असता.
मी पाच वाढवले, वीस रुपये घेतले,
वरून त्यानं ओंजळभर बोरं दिली.
दुसऱ्या लाटेत तो गेला. मी लिहिलं: बहात्तर.
म्हणजे त्या रेघेवर कुठेतरी, पार टोकाजवळ,
माझ्या हातचा एक ठिपका आहे,
पाच घरं उजवीकडे सरकलेला.

पंचफुलाबाईंचा मात्र सरकवला नाही.
शाळेत खिचडी शिजवायच्या त्या.
पंचेचाळीसच्या पुढचे सगळे या, म्हटल्यावर
एप्रिलात लसीच्या रांगेत उभ्या.
कार्डावर बेचाळीस.
"काऊन रे, वाफेचं इंजिन बंद झालं
तवा प्रफुल पोटात होता माह्या. कर ना हिशेब."
मी केला. पन्नास तरी होत होते.
"कवड्याले देल्ले ना पाच? मले तीनच दे."
"आता अंगठा लागते काकू. संगणक घेत नाई."
हे खरं होतं.
पूर्ण खरं होतं, असं मी म्हणणार नाही.
त्या हसल्या. "तरणी ठेवली मले," म्हणाल्या,
आणि पदर नाकावर ओढून
रूळ ओलांडून घरी गेल्या.

आज अकरा मे.
पंचफुला शामराव नेवारे, स्त्री, ४२.
लिहिताना पेन थांबला नाही.
थांबला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आकडे वर जातील,
तालुका, जिल्हा, पुणे, दिल्ली,
मग कुठल्यातरी थंड देशात कोणी रेघ ओढेल
आणि विचारेल, ही इथे इतक्या लवकर का उठली.

डॉक्टरसाहेब, चूल.
साठ पोरांची खिचडी, ओली पऱ्हाटी,
अठरा वर्षांचा धूर छातीत.
फुफ्फुसांना गुरुजींनी तारीख दिली नव्हती.

हे मी बोललो नाही.
ते हात पुसत आले, म्हणाले, एन्ट्री झाली का.
झाली.

दारात प्रफुल उभा, दाखल्यासाठी.
सत्तावीस वर्षांचा, डोकं नुकतंच भादरलेलं.
कागद उलटसुलट करून पाहिला त्यानं.
"माय माह्याहून पंधराच वर्सांनं मोठी?
माह्या आंधी दोन बहिनी हायेत, भाऊ."

मी शिक्का मारला.
पुसट उमटला.
पॅडवर थुंकीचं बोट फिरवून
पुन्हा मारला.